बाळू पालवणकर आमचे कोण?

धुळे-जळगावच्या वस्त्यांतील १४ एप्रिलची मिरवणूक आटोपते आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा प्रत्येक खेळाडू ४२ क्रमांकाचा सदरा घालून मैदानात उतरतो. तो क्रमांक जॅकी रॉबिन्सन यांचा. १५ एप्रिल १९४७ रोजी या कृष्णवर्णीय खेळाडूने ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळून त्या खेळातील वर्णभेदाची भिंत पाडली. इतिहासाच्या तासाला आम्ही हे सांगतो तेव्हा मुले हमखास विचारतात, ‘सर, आपल्यात असे कोणी झाले का?’

झाले, आणि रॉबिन्सन यांच्या कितीतरी आधी झाले. बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा. पगार महिना चार रुपये. तेथेच कॅप्टन ग्रेग या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकताना त्यांची डावखुरी फिरकी घडली. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत झेलीत. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. चेंडू बाटत नाही आणि कप बाटतो, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे, ते आम्हांस अद्याप सापडलेले नाही.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद तरीही त्यांना कधी लाभले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

एवढ्या मोठ्या खेळाडूचे नाव आपल्या सभांतून क्वचितच निघते. कारण उघड आहे. १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि सुमारे २,००० मतांनी पडले. बाबासाहेब लळिंगच्या बंगल्यात मुक्कामास होते, ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या खानदेशाला ही गोष्ट बोचणारच. आम्हांसही बोचते, त्यांची ती बाजू आम्हांस मान्य नाही. परंतु तरुणपणी बाबासाहेबांनाच या गोलंदाजाचा अभिमान वाटत असे, हेही इतिहासातच नोंदलेले आहे. रॉबिन्सन यांनी १९६० मध्ये निक्सन यांचा प्रचार केला. त्यांच्या अनेक बांधवांना तो रुचला नाही. म्हणून ४२ हा आकडा कोणी पुसला नाही.

बाळू १९५५ च्या जुलैत मुंबईत वारले. आम्ही मुलांना चार रुपये पगाराची गोष्ट सांगतो आणि १९३७ चीही सांगतो. दुसरी ऐकून दहावीची मुले भांडू लागतात. तासाची घंटा होते, आणि तो वाद जेवणाच्या पंगतीपर्यंत चालू राहतो.