आणि विटा कोणी वाहिल्या?

भव्य इमारत दिसली की ती कोणी बांधली असे आपण विचारतो आणि एखाद्या राजाचे नाव कानावर पडले की समाधान पावतो. राजाने जन्मात एक वीट उचललेली नसते. पण इतिहासाचे पुस्तक आणि गाइड यांचे याबाबतीत एकमत असते. निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी इजिप्त, ग्रीस आणि इटलीचा प्रवास केला. रोमच्या पँथिऑनसमोर गाइड म्हणाला, "हे सम्राट हेड्रियनने बांधले." सौ.ने हळूच मला विचारले, "आणि विटा कोणी वाहिल्या?"

प्रश्न तिचा, पण त्याचा पिच्छा पुरवला मी.

लक्सरजवळ, नाईलच्या पश्चिम तीरावर, देर अल्-मदिना नावाच्या गावाचे अवशेष आहेत. राजांच्या दरीतली थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर तेथे बायकामुलांसह राहत. पगार धान्यात मिळे. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे सुमारे ३२०० वर्षांपूर्वी, धान्य वेळेवर येईना. तेव्हा ही मंडळी काम टाकून निघाली आणि एका देवळामागे ठाण मांडून बसली. कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, ही त्यांची तक्रार पपायरसवर नोंदलेली आहे. लेखी पुरावा असलेला हा जगातला पहिला संप. तो पपायरस आज इटलीत, तुरिनच्या संग्रहालयात आहे. महिनाअखेरीस ही यादी कोणत्या घरात म्हणून दाखवली जात नाही?

अथेन्सच्या टेकडीवर सगळे पार्थेनॉनकडे धावतात. मी रेंगाळलो शेजारच्या एरेक्थेऑनपाशी. सहा दगडी युवतींनी डोक्यावर छप्पर तोलून धरलेले ते देऊळ. आता तेथे उभ्या आहेत त्या प्रतिकृती. मूळच्या पाच अथेन्सच्याच संग्रहालयात आणि एक लंडनमध्ये. पण मला खरे नवल वाटले ते त्याच्या जमाखर्चाचे. इसवी सनापूर्वी ४०९ ते ४०७ या काळातले हे हिशेब संगमरवरावर कोरलेले आहेत. खांबांवरच्या उभ्या पन्हळी कोणी कोरल्या, त्याला किती द्राख्मा दिले, सारे नावानिशी. त्यात सिमिअस हा पाथरवट आहे, तसाच त्याचा गुलाम सिंड्रोनही आहे. मालक आणि गुलाम एकाच खांबावर काम करीत आणि दोघांचा दर एकच असे. गुलामाचे पैसे बहुधा मालकाच्याच कनवटीला लागत असतील. पण नाव त्याचे त्याला मिळाले.

रोमची गंमत निराळी. पँथिऑनच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत नाव आहे ते हेड्रियनचे नव्हे, अॅग्रिपाचे. त्याने बांधलेले मूळ देऊळ जळाले. नवे हेड्रियनच्या काळात पुरे झाले आणि त्याने जुनेच नाव ठेवले. पुढे शतकानुशतके लोक ती पाटी खरी मानत आले. १८९२ साली शेदान या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाने भिंतींच्या विटा तपासल्या, तेव्हा त्यांवर भट्टीचे शिक्के सापडले. ते ट्रेजन आणि हेड्रियन यांच्या काळचे होते! पाटीने जे लपवले ते विटांनी सांगितले. आत गेलो. ४३ मीटर व्यासाचा तो घुमट, लोखंडाची एक सळई नसलेला. वर जावे तसतसे त्यात हलके दगड घातलेले, आणि माथ्यावर आभाळाला उघडा गोल झरोका. हा हिशेब कोणाच्या डोक्यातून निघाला, त्याचे नाव मात्र कोठेच कोरलेले नाही.

माझे वडील मुंबईत बांधकामांवर मुकादम होते. ट्राममधून जाताना ते एखाद्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणत, "ही आपली." लहानपणी मला ते खरेच वाटे. पुढे वाचता येऊ लागल्यावर मी तिच्या कोनशिलेवर त्यांचे नाव शोधले. तेथे एका मंत्र्याचे नाव होते. मी घरी येऊन हिरमुसून सांगितले, तर वडील हसले आणि जेवायला बसले.

त्यांचे एक हजेरीबुक आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. गवंडी, बिगारी, पाणीवाल्या बाया, प्रत्येकाच्या नावापुढे दिवस, मजुरी आणि अंगठा. दर दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत काढण्याचा विषय निघतो. यंदा सौ.नेच ते पुसले, नवे कव्हर घातले आणि नातवाला पहिले पान मोठ्याने वाचायला लावले.