रापणीचा वाटा

आम्ही सांगोल्याकडची माणसं, आभाळाकडं बघून जगणारी. समुद्र आम्हाला शाळेच्या नकाशातला ठाऊक. थोरल्या लेकीची शिक्षिका म्हणून मालवण तालुक्यात नेमणूक झाली, म्हणून डिसेंबरात आठवडाभर तिच्याकडं राहणं झालं.

शेतकऱ्याची झोप पहाटेच मोडते. उठायचं आणि किनाऱ्यावर जाऊन बसायचं. तिथं रापण चालायची. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. त्याच्या दोरीचं एक टोक किनाऱ्यावर ठेवतात, होडी जाळं सोडत अर्धगोल वळसा घेते आणि दुसरं टोक लांब किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडून माणसं लागतात ओढायला. म्हातारी, तरणी, शाळेला जायच्या आधीची पोरंसुद्धा. दोन-तीन तास नुसती ओढ. आमच्याकडं मोटेला बैल लागायचे, इथं माणसंच बैल.

तिसऱ्या दिवशी म्हातारे तांडेल म्हणाले, "पावण्यानू, बसलास कित्याक? दोरयेक हात लावा."

लावला. नांगर धरलेला हात, तरी तळव्याला फोड आले. जाळं वाळूवर आलं तेव्हा आत बांगडे, तारल्या आणि बरीचशी बारीक मासळी. बायकांनी तिथंच निवड केली. विकायची मासळी बाजूला काढली, बाकीच्यातनं वाटे घातले. एक वाटा माझ्यापुढं आला. मी नको म्हणालो, तर तांडेल म्हणाले, "हात लावल्यान तेका वाटो. हो आमचो कायदो."

पुढं व्यापारी आला. टोपलीत हात घालून त्यानं भाव सांगितला आणि तोच भाव झाला. ते बघून मला आमचा डाळिंबाचा बाजार आठवला. पिकवणाऱ्यानं गप राहायचं, घेणाऱ्यानं बोलायचं. जात-गाव वेगळं, बोली वेगळी, पण ही रीत सगळीकडं एकच.

मासळी कमी का झाली विचारलं, तर तांडेलांनी समुद्राकडं बोट केलं. "रातीक मोठे बोटी येतत. पाण्यात लाइट सोडतत. बारकी-मोठी सगळी मासळी उजेडाकडे जाता. आमका काय उरतला?"

एलईडी लावून मासेमारी करायला २०१७ पासून बंदी आहे. तरी रात्री लांबवर पाण्यात उजेड दिसतो, असं तिथली माणसं सांगत होती.

मी म्हणालो, "तांडेल, आमच्याकडं बी ह्येच हाय. त्याला बोअर म्हणत्यात."

त्यांना उमजलं नाही, मग समजावून सांगितलं. आमची विहीर आजानं हातानं खोदलेली, आठ परस. तिच्या पाण्यावर तीन भावांची ज्वारी निघायची. मग शेजारी बोअर पडली. तिच्यापेक्षा खोल दुसरी, त्याहून खोल तिसरी. आता मार्चातच विहिरीचा तळ दिसतो. पाणी कुणी चोरलं असं म्हणता येत नाही, कारण जमिनीखाली बांध नसतो. समुद्रातही नसतो. ज्याचं यंत्र मोठं, त्याचं पाणी आणि त्याचीच मासळी. आमच्याकडंही २००९ चा भूजल कायदा आहे. पण कायद्याची राखण करायला दोरीवर माणसं लागतात.

तांडेल बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तुमचो पण दर्याच आटलो."

एक गोष्ट मात्र मला फार पटली. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मासळी अंडी घालते, पिलं वाढतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून कोळी, गाबीत होड्या लोटतात. पोटाला चिमटा बसतो, पण समुद्राला विसावा मिळतो. आमच्या भुईखालच्या पाण्याला असा एकही दिवस कुणी ठरवलेला नाही.

गावी आल्यावर पारावर हे सांगितलं. बोअरवाले हसले. विहिरीवाल्या दोघांनी मात्र विचारलं, "पाण्याचा असा वाटा घालायचा म्हटलं, तर सुरुवात कुठनं करायची?"

मी म्हणालो, "एका दोरीला सगळ्यांनी हात लावायचा, तिथनं."