नंदी माळ्यावर, गेडी शिवेवर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत खेळण्यांचा निवाडा होतो. सकाळी मारबत निघते. रोगराई, ढेकूण-डास, सगळी इडापिडा गावाबाहेर हाकलत पोरं आरडाओरडा करत शिवेपर्यंत जातात आणि त्यांच्यासोबत गेड्याही जातात. आखाडीपासून ज्या बांबूच्या गेड्यांवर चढून पोरांनी गल्लीबोळातला चिखल तुडवला, त्या तिथेच टाकायच्या. घरी परत आणायच्या नाहीत. आणि त्याच दिवशी दुपारी न्हाऊनमाखून झालं की माळ्यावरचा लाकडी नंदी खाली उतरतो. त्याची धूळ पुसायची, शिंगांना बेगड लावायची, पाठीवर झूल घालायची, चाकांना तेल द्यायचं आणि संध्याकाळी तान्ह्या पोळ्यात न्यायचा. पोर तेच, दिवस तोच. एक खेळणं टाकायचं, एक जपायचं. कुठलं कुठे जाणार हे कोणी विचारत नाही, कोणाला विचारावंसंही वाटत नाही.

मला मात्र यंदा विचारावं लागलं. अर्जुनी मोरगावचं आमचं कवेलूचं घर उतरवून स्लॅबचं घर उभं राहायचं आहे. कवेलूच्या घराला माळा असतो, त्यामुळे ‘राहू दे, पुढे नातवंडांना होईल’ हे वाक्य त्या घरात सहज बोलता येतं. स्लॅबच्या घरात ते वाक्य कपाटात मावेल तेवढंच. नातवंडं अजून जन्मालाच यायची आहेत. मुलाचं लग्न झालंय, मुलीचं व्हायचंय. तरी दोघांची मिळून पेटी भरून खेळणी आहेत, शिवाय त्यांच्या बाबांची काही. पेटी उघडल्यावर सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, “काहाले ठेवतेस व एवढं? लेकराले लेकराचं नवं पायजे.” पण नंदी हाती घेतल्यावर त्याच म्हणाल्या, “थो नोको देऊ कोनाले.”

हा निवाडा त्यांनी क्षणात केला. मला त्यामागचं कारण शोधायला वेळ लागला.

पेटीतली पुष्कळशी खेळणी आपली आपणच बाद झाली होती. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुलीला हात लावला तर बोटं चिकटली. असं प्लॅस्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात जे घातलेलं असतं ते वर्षं गेली की बाहेर झिरपतं. ती बाहुली कितीही लाडकी असली तरी तान्ह्या बाळाच्या तोंडाशी द्यायची नाही. सेलवर चालणाऱ्या गाडीत सेल तसेच राहिले होते आणि आतला पत्रा हिरवा पडला होता. कापडी अस्वलाला आमच्या पावसाळ्याने खाल्लं. धानाच्या मुलखात बांधीला जी ओल हवी असते, ती माळ्यावरच्या कापसालाही सोडत नाही. व्यापाराचा डाव मात्र ठेवला. त्यातले काही पत्ते हरवलेत, पण तो खेळायला चार माणसं लागतात आणि चार माणसं बसवणारी वस्तू घरात असावी. मुलीची स्टीलची भातुकली ठेवली, तिच्याबद्दल वादच नव्हता. पुण्याच्या विलास करंदीकरांनी भातुकलीच्या हजारो वस्तू जमवून त्यांची प्रदर्शनं भरवली आहेत. तिथे उभी राहणारी प्रत्येक बाई काचेच्या पलीकडच्या इवल्याशा शेगडीकडे हात नेत असेल याची मला खात्री आहे. माझाही गेला असता.

आता नंदी. तो सागाचा आहे, सासऱ्यांच्या लहानपणी गावातल्या वाढयाने घडवलेला. वीतभराहून थोडा उंच, चार पाय एका फळीत ठोकलेले, फळीखाली चार चाकं, पुढे दोरीसाठी भोक. वशिंडावरचा रंग उडून लाकूड गुळगुळीत झालंय, कारण पोरं त्याला तिथेच धरून उचलतात. डाव्या शिंगाचा टवका उडालाय आणि त्या टवक्यात रंगांचे थर दिसतात. वर पांढरा, त्याखाली पिवळा, त्याखाली गेरूसारखा लाल आणि अगदी आत कुठेतरी निळा. निळा नंदी सासूबाईंना आठवत नाही, म्हणजे तो त्या सून म्हणून या घरात येण्याआधीचा. उजवं मागचं चाक वेगळ्या लाकडाचं आहे. ते मुलाच्या वेळी बदललं. मूळ चाक ओट्याच्या पायरीवरून पडून फुटलं तेव्हा पोरगा दिवसभर रडला होता आणि संध्याकाळपर्यंत वाढयाने नवं बसवून दिलं होतं.

हे रंगाचे थर सुंदर आहेत, पण त्यांच्याकडे नुसतं कौतुकाने पाहून चालणार नाही. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत ते दशलक्ष भागांत ९० भागांच्या वर नसावं असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग पोपडे धरत असेल आणि बाळ दात येण्याच्या वयाचं असेल, तर आजोबांचा नंदी त्याच्या हातात देणं म्हणजे प्रेमापोटी विष देणं. ठेवायचं ठरवलं की एवढी काळजीही पत्करावी लागते. आम्ही तो परसातल्या सांदवाडीत नेऊन, पाणी मारत मारत, ओल्या पॉलिशपेपरने घासायचा ठरवलंय, म्हणजे धूळ उडणार नाही. शिंगावरचा तो टवका तेवढा नव्या रंगाच्या दोन हातांखाली जाईल. मला वाईट वाटेल, पण नातवंडाचं तोंड माझ्या आठवणीपेक्षा मोठं आहे.

चाकावरचा बैल हे आपल्या मातीतलं किती जुनं वेड आहे, ते दायमाबादने दाखवलं. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी १९७४ मध्ये तिथे पितळेसारख्या दिसणाऱ्या चार जड वस्तू जमिनीतून निघाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ, त्यात उभा माणूस. सगळ्या काशाच्या, मिळून साठ किलोंच्या वर. त्या खेळण्यासाठी नव्हत्या, इतकं वजन कुठलं पोर ओढणार! पण हजारो वर्षांपूर्वी कोणा कारागिराला जनावराच्या पायाखाली चाकं लावावीशी वाटली आणि बैलाला पुढे जुंपावंसं वाटलं. आमच्या वाढयाला दायमाबाद ठाऊक नाही. त्याचा हात मात्र तेच करतो.

तान्हा पोळा नागपुरात दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासून चालत आल्याचं सांगतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला माणसाच्या उंचीचे लाकडी नंदी मिरवतात, ते पाहायला लांबून लोक येतात. अर्जुनीत एवढा थाट नसतो. आदल्या दिवशी आखरावर, गावची गुरं जमतात तिथे, खऱ्या बैलांचा पोळा भरतो, तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्यांची गाणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याची छोटी आवृत्ती देवळापुढे. पोरं आपापले नंदी ओळीत लावतात, पूजा होते आणि मग खरी गंमत, बोजारा मागायला घरोघर जायचं. दारात नंदी उभा राहिला की घरची बाई पोराला आणि नंदीला ओवाळते, हातावर पैसे ठेवते, खाऊ देते. पूर्वी मूठभर धान्य आणि नाणं मिळायचं, आता दहाची नोट आणि चॉकलेट.

सासूबाईंच्या निवाड्याचं कारण मला या बोजाऱ्यात सापडलं. बाकीची सगळी खेळणी पोराला घरात बसवतात. नंदी त्याला घराबाहेर नेतो. एरवी ज्या दारात ते पोर कधी गेलं नसतं, त्या दारात त्याला जावंच लागतं. ‘कोणाचा गा तू?’ असं कोणी विचारलं की बापाचं, आजोबाचं नाव सांगावं लागतं. आजोबांचं नाव सांगितलं की समोरचा म्हातारा म्हणतो, अरे, तुझा आजा हाच नंदी घेऊन आमच्याकडे यायचा! पेटीतलं दुसरं कुठलं खेळणं अशी ओळख काढून देईल? आणि या खेळण्याला पंचांगात दिवस आहे. वर्षातून एकदा ते खाली उतरतंच, त्यामुळे वाळवी लागली तर दिसते, चाक निघालं तर कळतं.

गेडीचं गणित उलटं आहे. गेडी जपता येत नाही कारण ती पोराच्या मापाची असते. सहा वर्षांच्या पोराची गेडी नवव्या वर्षी त्याच्या कामाची नाही, आणि नातवाच्या तर नाहीच. कोवळा नसलेला, सरळ, बोटांची पकड बसेल इतक्या जाडीचा बांबू निवडायचा, पेर पाहून गुडघ्याखाली खाच करायची, पाय ठेवायला चिरलेला तुकडा दोरीने आवळून बांधायचा. दोरी चांगली बसली की पावलागणिक कर्र कर्र वाजते आणि पोरांना त्या आवाजाची घमेंड असते. ही गेडी शिवेवर जाते म्हणूनच पुढच्या आखाडीत कोणा मोठ्या माणसाला परत कोयता घेऊन बसावं लागतं, आणि पोराला त्याच्या शेजारी. वस्तू जाते, हात राहतो. पोळ्याला घरात पुजलेले मातीचे बैलही असेच, पुढच्या वर्षी कुंभाराला पुन्हा मातीत हात घालायला लावणारे.

म्हणून गेडीसाठी मी पेटीत काही ठेवलं नाही, पण सांदवाडीतलं बांबूचं बेट ठेवलं. ठेकेदाराला तिथे रेती-गिट्टी टाकायची होती. बेट तोडलं तर ट्रॅक्टर थेट आत येईल, असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हटलं. घमेल्याने वाहून नेण्याची मजुरी वेगळी द्यावी लागणार आहे आणि ती मी आनंदाने देणार आहे.

नातवंडांसाठी काही ठेवून जाणं या मुलखाला नवं नाही. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळीने बांधल्याचं इथे लहान पोरही सांगतं. कोहळ्यांनी या झाडीत टेकड्यांच्या मधे पाळी घालून शेकडो तलाव उभे केले, ते काही एका पिकासाठी नव्हते. पण तलाव उभा राहिला म्हणून टिकत नाही. दरवर्षी पाळीवर माती पडली पाहिजे, गाळ निघाला पाहिजे. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलावांना ‘माजी मालगुजारी’ हे नाव चिकटलं, आणि दरसालच्या देखभालीचा हात सुटला तिथे तिथे गाळ चढत गेला. खेळण्यांचंही मला हेच भय वाटतं. फडक्यात बांधून, डांबराच्या गोळ्या घालून, वीस वर्षं न उघडलेली पेटी पोराच्या हाती दिली, तर ते पोर तिच्याकडे आजीच्या वस्तू म्हणून पाहील. त्यात त्याचं काही नसेल.

आमच्या स्टेशनवरून जाणारी गोंदिया-चांदाफोर्टची छोटी गाडी नव्वदच्या दशकात ब्रॉडगेजमुळे गेली. तसली इंजिनं आता नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात पाहायला मिळतात. ते २००२ मध्ये सुरू झालं आणि फार चांगलं झालं. यांनी मुलांना मुद्दाम नेऊन दाखवलं होतं. मुलगा इंजिनाभोवती फिरला आणि विचारता झाला, “बाबा, हे आता कुठे जाते?”

नंदीच्या बाबतीत तो प्रश्न विचारायची वेळ येऊ नये. येऊ शकते, कारण खरा बैलच आता कमी दिसतो. रोवणीआधीची चिखलणी ट्रॅक्टर करतो. आखरावरच्या पोळ्यात दरवर्षी जोड्या कमी होतात आणि देवळापुढच्या तान्ह्या पोळ्यात नंदी वाढतात. माझं नातवंड लाकडाचा बैल आधी पाहील, हाडामांसाचा नंतर. त्याला वशिंड म्हणजे काय, जू कुठे बसतं, पोळ्याच्या आदल्या रात्री खांद्याला लोणी-हळद का लावतात, हे या वीतभर सागावर बोट ठेवून सांगावं लागेल. तेवढ्यासाठी तरी शिंगं, कान, वशिंड नीट असायला हवेत.

एक बदल मात्र हवाच होता आणि तो झालाय. माझ्या लहानपणी नंदी भावाचा असायचा. मी ताट घेऊन ओवाळायला. माझ्या मुलीने पहिल्यांदा दोरी हातात घेतली तेव्हा एक-दोन बायांनी नाकं मुरडली होती. तिने बोजारा मात्र भावापेक्षा जास्त आणला. आता गल्लीतल्या पोरी सर्रास नंदी नेतात.

त्यामुळे नंदी कोणाकडे जाणार हा प्रश्नही मुलगा की मुलगी एवढ्यावर सुटत नाही. मुलगा पुण्याला असतो, मुलगी नागपूरला. फोनवर दोघांनीही हक्क सांगितला. मुलगा म्हणाला, “आई, शोकेसमध्ये काय सुंदर दिसेल तो!” तिथेच माझं ठरलं. नंदी अर्जुनीतच राहील. ज्याला आपल्या लेकराच्या हातात त्याची दोरी द्यायची असेल, त्याने पोळ्याला दोन दिवसांची रजा काढून यायचं. नव्या घराच्या नकाशात जिन्याखाली एक कोनाडा काढून घेतला आहे, दार न लावलेला, पोरांचा हात पोचेल इतक्या उंचीवर.

आणि नातवंडं येईपर्यंत तो रिकामा बसणार नाही. शेजारच्या घरी भाड्याने राहणाऱ्यांची दुसरीतली पोर आहे, तिच्याकडे नंदी नाही. यंदा आमचा ती नेणार आहे. कान मोडला तर मोडला, वाढई अजून गावात आहे. झूल शिवायला टाकायची म्हणून मी हिरवं कापड काढलं होतं, पण तिला निळं हवंय, आणि वर आरसे, आणि शिंगांना सोनेरी बेगड लावायची नाही, रुपेरीच. आज दुपारी तिला घेऊन बाजारात जायचं आहे.