निखळलेला सांधा

तानसा हें नांव मुंबईकरांस पाण्यामुळें ठाऊक आहे. येथील धरण १८९२ सालीं पुरें झालें आणि तेव्हांपासून आमच्या शहापूर तालुक्यांतलें पाणी मोठमोठ्या नळांनीं मुंबईस जात आहे. पुढें १९५७ सालीं वैतरणेवर मोडकसागर झाला, भातसा नदीही अडविली गेली; तरी तानशाच्या नळांचा मान कमी झाला नाहीं. या नळांच्या कडेनें ज्यानें वर्षानुवर्षें पायपीट केली आहे, त्यास एक गोष्ट कोणी न शिकवितां कळते. नळ मधोमध सहसा दगा देत नाहीं. गळती लागते ती बहुधा सांध्याशीं. सांधा आणि संधि हे एकाच कुळांतले शब्द. वर्ण एकमेकांच्या अत्यंत निकट आले म्हणजे त्यास पाणिनीनें संहिता म्हटलें आहे, आणि त्या निकटपणांतूनच संधीचीं सर्व कार्यें होतात. मध्यें अंतर पडलें कीं कार्य थांबलें. चाळीस वर्षें मुलांना हा विषय शिकवितांना मला कधीं वाटलें नव्हतें कीं, उतारवयांत तोच धडा एका मोबाइल फोनाच्या पोटांत पुन्हां वाचावा लागेल.

पाणी येथून मुंबईस सुखानें जातें. परंतु मुंबईहून निघालेला शब्द येथें तितक्या सुखानें पोहोंचत नाहीं. एका बाजूस माहुलीचे डोंगर, दुसऱ्या बाजूस अभयारण्याचें रान, आणि टॉवर विरळ. त्यामुळें "रेंज आहे का?" हा आमच्याकडे कुशलप्रश्न होऊन बसला आहे. कोणाच्या ओटीवर रेंज येते, कोणाच्या न्हाणीमागें येते, हें सगळ्या वाडीला पाठ असतें. ही थट्टेची गोष्ट वाटेल. पण पावसाळ्यांत रस्ता बंद पडला म्हणजे तिच्यांतली थट्टा नाहींशी होते.

गेल्या वर्षीं आषाढांत आमच्या घरीं असाच प्रसंग आला. आमचें घर एकत्र कुटुंबाचें. वडील बंधु, वहिनी, आम्ही उभयतां, पुतण्या आणि त्याची बायको. पुतण्या नोकरीनिमित्त रोज आटगांवाहून गाडीनें ठाण्यास जातो व रात्रीं उशिरां परततो. सूनबाईला आठवा महिना लागला होता. अशांत एके दिवशीं तिचा फोन हातांतून निसटून फरशीवर पडला. कांच फुटली नाहीं, म्हणून सर्वांनीं हायसें म्हटलें. पण त्या दिवसापासून त्याची रेंज घरांत गेली ती गेलीच. अंगणांत उभें राहिलें तर पलीकडचें बोलणें तुटक ऐकूं येई. आपला शब्द मात्र जात नसे. फोन उगाच तापे आणि सकाळीं भरलेली बॅटरी दुपारीं संपे.

महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ सालापासून धांवते आहे, आणि आमच्यासारख्या खेड्यांतल्या बाळंतिणीला तिचा केवढा आधार आहे हें सांगणें नको. परंतु तो आधार मिळावयाचा म्हणजे आधीं १०८ हे तीन आंकडे लागले पाहिजेत. दिवसभर घरांत आम्ही चौघें म्हातारीं आणि ती मुलगी. माझा फोन साधा, जुना. आणि मी नेमका घरींच असेन असें नाहीं. तालुक्यांतल्या एका दुकानदारानें फोन हातांत घेऊन "बोर्ड गेला" असें सांगितलें, आठ दिवस ठेवून घेण्याची तयारी दाखविली आणि नव्या फोनाच्या किंमतीही ऐकविल्या. आठ दिवस तिला फोनावांचून ठेवावें, हेंच तर आम्हांस नको होतें.

मीं प्रथम परीक्षा केली, कारण निदानाआधीं औषध देऊं नये. तिचें सिमकार्ड माझ्या फोनांत घातलें. घरांत बसून बोलणें झालें. माझें कार्ड तिच्या फोनांत घातलें, रेंज नाहीं. म्हणजे दोष कार्डाचा नव्हे, टॉवरचाही नव्हे. मग शेजारच्या मुलाचा तसाच स्मार्टफोन आणून, तेंच कार्ड त्यांत घालून, दोन्ही फोन एकाच खिडकींत पाहिले. सेटिंगमध्यें फोनाविषयींची माहिती असते, तेथें सिमच्या सदरांत लहरींचें बळ डीबीएम या मापानें दाखवितात. हें माप उणें असतें. उणा आंकडा जितका मोठा तितकी लहर क्षीण. चांगल्या फोनांत उणें ९५ दिसलें, सूनबाईच्या फोनांत उणें ११८. फरक २३चा. या मापांत दर १०ला दहापट होते, म्हणून २३ म्हणजे सुमारें २०० पट. ब्लूटूथ मात्र ठणठणीत चालत होतें. त्याची अँटेना निराळी असते. मेंदू शाबूत आहे, एकच कान बहिरा झाला आहे, असा याचा अर्थ.

अदृश्य लहरींनीं दूरवर काम करतां येतें हें आपल्या देशांत जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास लोकांसमक्ष दाखविलें. मध्यें भिंती असतांना त्यांनीं दुरून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. मोबाइल फोन त्याच कुळांतला. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें ३३ सेंटिमीटर, म्हणजे दीड वीत. तिचा चतुर्थांश चार बोटें. तेवढ्याच बेताच्या धातूच्या पट्ट्या हल्लीं फोनाच्या कडांत नाहीं तर प्लास्टिकच्या सांगाड्यांत बसविलेल्या असतात. पुष्कळ फोनांत मुख्य बोर्ड वरच्या बाजूस असतो आणि बोलणें बाहेर धाडणारी मुख्य अँटेना खालीं, चार्जिंगच्या छिद्राजवळ. मधली जागा बॅटरीनें व्यापलेली. म्हणून दोहोंस जोडणारी एक बारीक तार बॅटरीच्या कडेनें नेलेली असते. तिच्या गाभ्यांत एक तंतु, त्यावर रोधक थर, त्यावर तारेची जाळी आणि वरून साल. दोन्ही टोकांस तिळापेक्षां फार मोठ्या नसतील अशा गोल टोप्या; त्या बोर्डावरच्या तितक्याच लहान खुंटीवर, झबल्याचें टिचबटण लावावें तशा, दाबून बसवितात. वरच्या बाजूस ऐकण्यास मदत करणारी दुसरी अँटेना असते. म्हणूनच सूनबाईला थोडें ऐकूं येई. पण खालच्या अँटेनेकडे जाणारा शब्द वाटेंतच अडत असावा, आणि फोन जीव तोडून ओरडतांना तापत असावा.

घरांत मतभेद झाला, तोही सांगितला पाहिजे. बंधु म्हणाले, "अरे, शंभर रुपयांचें घड्याळ उघडणें निराळें आणि हें निराळें. बिघडलें तर पोरीच्या हातीं आहे तेंही जाईल." वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आतां तरी काय हातीं आहे? दिसायला फोन, आणि ऐकायला भिंत!" निर्णय सूनबाईनेंच केला. ती म्हणाली, "काका, फोन माझा आहे, आणि गरजही माझीच. तुम्ही क्रम सांगा, हात मी चालवितें. तुमच्या डोळ्यांना तें दिसायचें नाहीं." तिचा हात भरतकामाचा, आणि माझ्या डाव्या डोळ्यांत मोतीबिंदु. वाद मिटला.

फोनाची हमीची मुदत सरलेली होती, तेव्हां तीही अडचण नव्हती. फोन बंद केला. पाठ केस वाळविण्याच्या यंत्रानें कोमट केली; चटका बसेल इतकी नव्हे. बाद झालेल्या प्लास्टिकच्या कार्डाची कड शिवणींत घालून डिंक हळूहळू सोडविला. धातूचें पातें आंत घातलें नाहीं, कारण बॅटरीला भोंक पडलें तर आग लागते. जे स्क्रू निघाले ते कागदावर फोनाचा आकार काढून त्याच्या त्याच जागीं ठेवले. स्क्रूंची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आंखूड भोकांत पिळला तर बोर्डास इजा होते. त्यानंतर सर्वांत आधीं बॅटरीची जोडणी सोडविली. हा नियम मोडूं नये.

मग भिंगांतून पाहतां खालची टोपी खुंटीवरून निसटून तिरपी पडलेली दिसली. ती नुसती दाबून काम भागलें असतें तर बरें. पण तारेची साल टोपीजवळ चौकटीच्या कडेखालीं चिरडली होती. दोन्ही टोकें सोडवून मल्टिमीटर लावला. गाभ्याचा तंतु इकडून तिकडे सलग होता, बाहेरची जाळी मात्र तुटलेली. अशी तार डाख देऊन जोडण्यांत अर्थ नाहीं, ती बदलावी. रात्रीं पुतण्या आला तेव्हां तार त्याच्या स्वाधीन केली. दुसरे दिवशीं अर्धी रजा काढून तो मुंबईस लॅमिंग्टन रोडवर गेला आणि तितक्याच लांबीची व तशाच टोप्यांची तार घेऊन आला. किंमत नव्या फोनापुढें नगण्य. तोंवर माझा साधा फोन सूनबाईच्या उशाशीं होता आणि मी अंगण सोडून कोठें गेलों नाहीं.

नवी तार जुन्याच खांचेंतून नेऊन सूनबाईनें टोपी खुंटीच्या बरोबर माथ्यावर धरली, चांचपून पाहिली आणि बोटानें सरळ दाबली. टक् असा सूक्ष्म आवाज झाला, तो मला ऐकूं आला नाहीं; तिच्या बोटाला कळला. बॅटरी जोडून, पाठ नुसती टेकवून फोन सुरू केला. त्याच खिडकींत उणें ९६. बंधूंनीं आंतल्या खोलींत जाऊन स्वतः फोन लावला आणि शेजारच्या घरांतून उत्तर आलें, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "आतां पाठ नीट चिकटवा."

पुढें श्रावणांत एका रात्रीं पहिल्याच प्रयत्नांत १०८ लागला आणि सूनबाई वेळेवर शहापुरास पोहोंचली. मुलगी झाली. दोघीं सुखरूप आहेत.

वाचकांपैकीं कोणास हें करावेंसें वाटलें तर चार गोष्टी ध्यानांत असाव्या. बॅटरी फुगलेली असेल तर फोन उघडूं नये. तो कारागिराकडेच न्यावा. टोपी पुन्हां पुन्हां काढूं-घालूं नये. ती सुमारें ३० वेळांच्याच बेतानें केलेली असते. ती तारेला धरून ओढूं नये, कडेखालून वर उचलावी. बोर्डावरची खुंटीच उपटली असेल तर तें भिंगाखालीं डाख देणाऱ्या जाणत्याचें काम आहे, तेथें घरगुती हौस नको. आणि एकदां उघडलेला फोन पूर्वींसारखा पाण्यापासून सुरक्षित राहत नाहीं, हें कोंकणपट्टींतल्या पावसांत विसरूं नये.

आपल्याकडे जीर्णोद्धारास नव्या बांधकामाइतकेंच, किंबहुना अधिक, पुण्य मानिलें आहे. देवळाचा जीर्णोद्धार करणारे आपण घरांतली वस्तु मात्र पहिल्या कुरबुरीसरशीं टाकूं लागलों आहों. भारत सरकारनेंही २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा विचार हातीं घेतला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु हक्क कागदावर मिळाला तरी निदान करण्याची संवय घरांतच लावावी लागते. वस्तु बिघडली म्हणजे ती सगळी गेली असें आपण धरून चालतों. पुष्कळदां सगळें शाबूत असतें. एखादा सांधा तेवढा निखळलेला असतो. एकत्र कुटुंबांत दिवस काढलेल्यांस हें अधिक फोड करून सांगण्याची गरज नाहीं.