सोळा घरांचा ठेका

प्रौढ वयात नव्याने शिकू पाहणाऱ्यांची एक अडचण तुम्हांलाही अनुभवाने ठाऊक असेल. आपली जाण पुढे गेलेली असते आणि हात मागे राहिलेला असतो. चांगला निबंध कोणता हे कळते, पण स्वतःचा पहिला परिच्छेद उतरत नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी मी संगणकावर नृत्यसंगीत रचायला बसले, तेव्हा हीच अडचण समोर होती.

साधने थोडीच लागतात : साधारण संगणक, बरे हेडफोन आणि एखादे सॉफ्टवेअर, एलएमएमएससारखे विनामूल्यही पुरते. पडद्यावर सोळा घरांची ओळ दिसते. चार मात्रांचे आवर्तन, प्रत्येक मात्रेचे चार भाग. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरात ढोलाचा ठोका ठेवावा. पाचव्या व तेराव्यात टाळी. तिसऱ्या, सातव्या, अकराव्या आणि पंधराव्यात झांजेचा बारीक आवाज. गती मिनिटाला १२० मात्रा ठेवली, तर हे आवर्तन दोन सेकंदांत पुरे होते. १९८० च्या दशकात शिकागोत घडलेल्या ‘हाऊस’ संगीताचा पाया हाच. त्याखाली खर्जाचे सूर घालावेत. ठोका आणि खर्ज एकदम घुमले की दोन्ही गढूळ होतात. म्हणून ठोक्याच्या क्षणी खर्ज दबता ठेवतात.

सोळा म्हटल्यावर तुम्हांला त्रिताल आठवेल. पण त्रितालात नवव्या मात्रेवर काल असतो. येथे नवव्या घरातही तेवढाच जोरकस ठोका. मग विसावा कोठे? तो रचनेच्या मध्यावर मिळतो. काही आवर्तने ठोका काढून घेतात आणि तो परत येतो तेव्हा नाचणाऱ्यांना सम सापडल्याचा आनंद होतो. हे उमगले आणि हे संगीत मला परके वाटेनासे झाले.

मुंबईचे चरणजित सिंग हिंदी चित्रपटसंगीतातील वादक. त्यांनी १९८२ मध्ये रोलँडची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे वापरून डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. पुढे १९८७ मध्ये शिकागोतील ‘फ्यूचर’ या गटाच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मधून टीबी-३०३ चा पिळदार आवाज गाजला, सिंग यांच्या कामाकडे जगाचे लक्ष गेले ते २०१० च्या पुनःप्रकाशनानंतर. यंत्रे नवी होती. मधुवंती आणि मालकंस मात्र त्यांच्या ओळखीचे होते. नवशिक्याने आरंभ असाच, कानाला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीपासून करावा.

खरी कसोटी त्यानंतर लागते. आठ आवर्तनांचा, सोळा सेकंदांचा तुकडा छान जमतो आणि तोच घासत राहण्याचा मोह होतो. दिवसभराच्या कामानंतर, घर निजल्यावर मिळणारा तासभर त्यातच सरतो. या मोहामागे भय असते : अपुऱ्या रचनेला कोणी नापास करू शकत नाही. स्वाध्याय लिहून न पाठवणाऱ्याच्या मनातही हेच भय नसते का?

तीन मिनिटांच्या रचनेत अशी ९० आवर्तने मावतात. ती भरावीत, शेवट करावा, नाव द्यावे आणि एका तरी माणसाला ऐकवावे. माझी पहिली पूर्ण रचना साधारणच आहे. परंतु दुसरी कोठून सुरू करायची, हे मला तिनेच सांगितले.