गरी तीच, पाणी वेगळे

ज्याला खाडीत गरवता येते त्याला कुठल्याही पाण्यात उपाशी राहावे लागत नाही, असे आमच्या रत्नागिरीकडच्या मोहल्ल्यात मानले जाई. आम्ही दोघे भाऊ हा समज बरोबर घेऊनच अमेरिकेत आलो. डेट्रॉइटजवळ नोकऱ्या मिळाल्या आणि ह्युरॉन सरोवराच्या सॅगिनॉ उपसागरात आम्ही वॉलाय मासा गरवू लागलो.

वॉलायचे डोळे काचेसारखे चमकतात. डोळ्यांमागे उजेड परतवणारा पडदा असल्याने त्याला गढूळ, अंधाऱ्या पाण्यातही दिसते. तो बहुधा तळाशी असतो. शिशाच्या गोळीच्या गरीला गांडूळ लावायचे, होडी वाऱ्यावर सोडायची आणि दोरी बोटावर धरून बसायचे. हलकीशी टोचणी जाणवली की मनगटाने झटका द्यायचा. हे सारे खाडीतल्यासारखेच. तीन-चार वर्षांत आमचा हात चांगला बसला.

मग एका निवृत्त अमेरिकन शेजाऱ्यांनी आम्हाला चार तासांवरच्या लडिंग्टनला, मिशिगन सरोवरावर नेले. तिथे मासा होता चिनूक सालमन. सगळे त्याला 'किंग' म्हणतात. वॉलाय दोन-तीन पौंडांचा, तर हा पंधरा-वीस पौंडांचा.

पहिला धडा असा की इथे तळ शोधायचा नाही, थंडावा शोधायचा. उन्हाळ्यात सरोवराचे पाणी थरांत विभागते: वर कोमट, खाली गार. किंगला साधारण दहा ते तेरा अंश सेल्सियसचे पाणी मानवते. तळ दोनशे फुटांवर असला तरी मासा ऐंशी फुटांवर अधांतरी फिरत असतो. तिथवर आमिष न्यायला पोलादी तारेवर जड शिशाचा गोळा सोडतात आणि दोरी त्याला चिमट्याने अडकवतात. मासा लागला की चिमटा सुटतो. दुसरा धडा वेगाचा. गांडूळ घेऊन आम्ही ताशी मैलभर सरकत असू. किंगसाठी चमकता धातूचा चमचा ताशी दोन-तीन मैलांनी ओढावा लागतो. तिसरा धडा हाताचा, आणि तोच जड गेला. काठी वाकली की आमचे मनगट आपोआप झटका देई. शेजारी म्हणत, "धरू नका, जाऊ द्या त्याला. दमला की येईल." रीळ किंचाळत राही, शंभर-दीडशे फूट दोरी निघून जाई. आम्ही नुसते काठी उंच धरून उभे.

किंग पहाटे सूर्योदयाआधी चांगला लागतो. त्यामुळे अंधारातच धक्का गाठायचा, फजर तिथेच पढायची आणि निघायचे. घरी त्याचे तिखले केले. फोनवर अम्मी म्हणाल्या, "म्हणजे रावसच की!" मुंबईच्या बाजारात रावसाला 'इंडियन सालमन' म्हणतात खरे, पण दोघांचे नाते नाही. तिखल्याआधी कातडी आणि चरबी काढून टाकतो. मोठ्या सालमनच्या चरबीत जुनी कारखानी रसायने साठतात, म्हणून आरोग्य खाते तसे सांगते.

किंग मूळचा इथला नाही. समुद्राकडून कालव्याच्या वाटेने आलेल्या एलवाइफ नावाच्या लहान माशांनी ही सरोवरे भरून गेली. १९६७ साली मिशिगनच्या काठांवर मेलेल्या एलवाइफचे ढीग लागले. त्यांना खायला मोठा मासा हवा, म्हणून हॉवर्ड टॅनर या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक सालमन सोडले गेले. दोन्ही पॅसिफिक किनाऱ्याचे मासे. त्यांच्यावर बंदरे पोसली गेली.

पुढे ह्युरॉनमध्ये २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ संपले आणि त्यांच्यावर जगणारे किंगही ओसरले. काठावरच्या गावांतले बोटवाले, आमिषाची दुकाने यांचे धंदे बसले. पण एलवाइफ वॉलायची पिल्ले खात असत. ते गेल्यावर सॅगिनॉत वॉलाय इतके वाढले की २००६ पासून पिल्ले सोडणे थांबवावे लागले. म्हणजे आमची भरलेली टोपली आणि त्या गावांची रिकामी बंदरे एकाच घटनेची फळे. हे कळल्यापासून सॅगिनॉत मासा काढताना पूर्वीची बेफिकिरी उरली नाही.

मिशिगन सरोवरातही ती वेळ येऊ नये म्हणून २०१३ मध्ये चिनूकची पिल्ले सोडण्याचे प्रमाण जवळपास निम्मे केले गेले. आम्हीही दोघांत एक किंग मिळाला की परततो.

भावाची मुलगी इथेच जन्मली. तिने विचारले, "किंग इथला की बाहेरचा?" आम्ही तिला शरद ऋतूत नदीवर नेले. अंडी घालायला वर चढणारे, खाणेपिणे सोडलेले, काळवंडलेले किंग तिने पाहिले. अंडी घालून ते मरतात. आज या सरोवरातले निम्म्याहून अधिक किंग अशाच नद्यांत जन्मलेले आहेत, हे तिला सांगितले. ती म्हणाली, "मग इथलेच." आम्हाला त्यावर वाद घालावासा वाटला नाही.