भावाचा आजार, बहिणीचं नशीब?

आम्ही बाळापूरचे. भावाला जुलाब लागले, वजन उतरलं, तसं लगेच मोठ्या दवाखान्यात नेलं. सिलियाक निघाला. यात गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याचं अस्तर झिजतं, अन्न अंगी लागत नाही. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडांनाही तपासा. बहिणीलाही तोच आजार! तिचं पोट कधी दुखलं नव्हतं. अंगात रक्त कमी, दोनदा गर्भ गेला. बायांत हा आजार जास्त सापडतो, अन् कित्येकदा असाच लपून येतो. आम्ही मात्र तिचं नशीब म्हणून गप्प बसलो. आता दोघांनाही जन्मभर ज्वारीची भाकर, भात. तथागतांनी दुःखाचं कारण शोधायला शिकवलं. बंधुभगिनींनो, लेकीसुनांचा अशक्तपणाही तपासा. तपासणीआधी गहू मात्र सोडू नका, नाहीतर आजार सापडत नाही.